इन्सुलिनची सुई सुटते तेव्हा: किर ६.२ चे प्रकरण

जन्मल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह होणारी बाळे फार थोडी, लाखभर जन्मांमागे एखादे. २००४ पर्यंत त्यांच्याबाबत सगळीकडे एकच समज होता. रक्तात इन्सुलिन नाही, इन्सुलिनसोबत बाहेर पडणारे सी-पेप्टाइड मोजायला जावे तर तेही सापडत नाही. म्हणजे स्वादुपिंडातल्या बीटा पेशी एक तर तयारच झाल्या नाहीत, नाहीतर मेल्या. मग जन्मभर इन्सुलिन. पुढच्या दोनच वर्षांत यातल्या कित्येक मुलांची सुई सुटली, आणि तीही नव्या औषधाने नव्हे, १९६० च्या दशकात निघालेल्या ग्लिबेनक्लामाइडने. आपल्याकडे ही गोळी ‘डाओनिल’ म्हणून ओळखतात. ज्यांच्या घरी आजी-आजोबांना शुगर होती, त्यांतल्या अनेकांनी तिची पट्टी पाहिलेली असेल.

मधुमेहाच्या गोळ्या पेशीच्या आत नेमके काय करतात, हे समजून घ्यायला मला याहून चांगले प्रकरण माहीत नाही. टाइप २ मध्ये यकृत, स्नायू, चरबी, आतडे, बीटा पेशी असे सगळेच थोडेथोडे बिघडलेले असते आणि गोळीने त्यातले काय सुधारले, हे वेगळे काढता येत नाही. इथे बिघाड एकच होता. किर ६.२ नावाच्या एका प्रथिनातले एक अमिनो आम्ल बदललेले, बाकी पेशी ठणठणीत.

साखर मोजणारी पेशी

शरीरातल्या बहुतेक पेशी आपल्या गरजेपुरती साखर जाळतात. स्नायू कामाला लागला की जास्त, बसून असला की कमी. बीटा पेशीचे तसे नाही. रक्तात साखर जितकी, त्या मानाने ती जाळते, स्वतःला गरज असो वा नसो. जाळणे हीच तिची मोजण्याची पद्धत आहे.

ते जमते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे ग्लुकोकायनेज हे एन्झाइम. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजवर पहिली प्रक्रिया हेच करते. इतर पेशींतली त्याची भावंडे अगदी थोड्या साखरेतच पूर्ण वेगाने धावू लागतात. मग रक्तातली साखर ९० असो की २००, त्यांचा वेग तोच. ग्लुकोकायनेज मात्र साधारण १४५ मिलिग्रॅमच्या आसपास अर्ध्या वेगावर असते. त्यामुळे उपाशीपोटीच्या ९० वरून साखर जेवणानंतर १४०-१५० ला गेली की त्याचाही वेग चढतो. दुसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ग्लुकोज फोडून जे पायरुवेट उरते, त्याचे लॅक्टेट करून बाहेर टाकण्याची सोय इतर पेशींत असते. बीटा पेशीत ते करणारे एन्झाइम जवळजवळ बंदच ठेवलेले असते. म्हणून बहुतेक सगळे पायरुवेट मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत जाते, तिथे ऑक्सिजनवर जळते आणि त्यातून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होते. रक्तातली साखर वाढली की पेशीतले एटीपी वाढते, एडीपी (वापरून झालेले एटीपी) घटते. मोजमाप झाले.

आता हा निरोप पेशीच्या कडेला पोचवायचा. तिथे पोटॅशियमची एक वाहिनी आहे. किर ६.२ या प्रथिनाच्या चार प्रती मिळून तिचे मधले छिद्र बनते आणि भोवती एसयूआर १ या प्रथिनाच्या चार प्रती असतात. उपाशीपोटी वाहिनी उघडी. पोटॅशियम बाहेर झिरपत राहते आणि पेशीचा आतला भाग सुमारे उणे ७० मिलिव्होल्टवर टिकतो. एटीपी वाढले की ते किर ६.२ ला चिकटते, वाहिनी मिटते, विद्युतदाब चढतो, त्या दाबावर उघडणारे कॅल्शियमचे दरवाजे उघडतात, कॅल्शियम आत घुसते आणि इन्सुलिनने भरून ठेवलेल्या पुटिका, म्हणजे बारीक पिशव्या, बाहेर रिकाम्या होतात. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढले की फ्लोट वर येतो आणि कॉक आपोआप बंद होतो, त्यातला प्रकार.

ग्लुकोज जळल्यामुळे ही वाहिनी मिटते, हे फ्रान्सेस अ‍ॅशक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये उंदरांच्या बीटा पेशींवर दाखवले. पुढच्याच वर्षी लक्षात आले की ग्लिबेनक्लामाइड ज्या गटातली आहे, त्या सल्फोनिलयुरिया गोळ्याही हीच वाहिनी बंद करतात. त्या एसयूआर १ ला चिकटतात आणि एटीपी किती आहे हे न पाहता छिद्र मिटवतात.

यातली गंमत अशी की या गटाचा साखरेवरचा परिणाम १९४२ मध्येच दिसला होता. फ्रान्समधल्या माँपेलिए इथे मार्सेल जाँबाँ टायफॉइडवर एक नवे सल्फा औषध देऊन पाहत होते. रुग्णांची साखर धडाधड खाली जाऊ लागली, काही दगावलेही. त्यांचे सहकारी ओग्युस्त लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की स्वादुपिंड असेल तरच हा परिणाम होतो. पन्नाशीच्या दशकात गोळ्या बाजारात आल्या. पेशीत त्या नेमक्या कुठे काम करतात हे कळायच्या आधी जगभर लाखो लोक तीस वर्षे त्या घेत होते.

२००४: बिघाड सापडतो

इंग्लंडमध्ये एक्सेटरला अँड्र्यू हॅटर्सली यांचा गट आनुवंशिक मधुमेहावर काम करत होता. त्यांच्यासमोरचा तर्क असा: वाहिनी मिटल्याने इन्सुलिन सुटत असेल, तर कधीच न मिटणाऱ्या वाहिनीमुळे मधुमेह व्हायला हवा. याच्या नेमका उलट आजार आधीच माहीत होता. वाहिनी बनतच नाही किंवा उघडत नाही, अशा बाळांची साखर जन्मापासून धोकादायक पातळीपर्यंत खाली जात राहते.

अ‍ॅना ग्लॉइन आणि सहकाऱ्यांनी कायमस्वरूपी नवजात मधुमेह असलेल्या २९ जणांचे केसीएनजे११ हे जनुक तपासले. किर ६.२ ची पाककृती याच जनुकात असते. २९ पैकी १० जणांत बदल सापडला. बहुतेकांच्या आईवडिलांत तो नव्हता, मुलातच नव्याने उपजलेला होता. या बदलामुळे एटीपी असूनही वाहिनी नीट मिटत नाही. पेशी साखर जाळते आहे, एटीपी बनवते आहे, पुटिका भरून तयार आहेत, आणि तरी पोटॅशियमची गळती थांबत नसल्याने कॅल्शियमचे दरवाजे काही उघडत नाहीत.

मग यातल्या काही रुग्णांवर साधी चाचणी केली. शिरेतून ग्लुकोज दिले तर इन्सुलिन आले नाही. शिरेतून टॉलब्युटामाइड, म्हणजे याच गटातले जुने औषध, दिले तर आले. सी-पेप्टाइड शून्य म्हणजे पेशी नाहीत, या हिशेबाची इथे वाट लागली. सी-पेप्टाइड सांगते ते एवढेच, की इन्सुलिन बाहेर पडते आहे की नाही. आत साठा आहे का, याबद्दल ते काहीच बोलत नाही. ही गल्लत आजही होताना दिसते, म्हणून मुद्दाम लिहितो.

सुईवरून गोळीवर

पाच किलोच्या बाळाला दिवसभरात मिळून दोन-तीन युनिट इन्सुलिन पुरते. आपल्याकडच्या नेहमीच्या कुपीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात. म्हणजे अर्धे युनिट द्यायचे तर ०.०१२५ मिलिलिटर, थेंबाचा पाव भाग. सिरिंज हातात घेऊन ते माप काढून पाहावे, म्हणजे या आयांचे दिवस कसे जात असतील याची कल्पना येते. माप जरा चुकले की बाळाची साखर घसरणार, आणि बाळ काही ‘मला गरगरतंय’ असे सांगणार नाही.

गोळीचे गणित त्यामानाने सोपे. सुरुवात साधारण किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दुधाच्या आधी. त्याच पाच किलोच्या बाळाला एका वेळी ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या गोळीचा दहावा हिस्सा. गोळी कुटून १० मिलिलिटर पाण्यात मिसळायची आणि त्यातले १ मिलिलिटर सिरिंजने तोंडात सोडायचे. ग्लिबेनक्लामाइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तळाशी बसते. म्हणून दरवेळी ओढण्याआधी हलवावे लागते, नाहीतर वरचे नुसते पाणी जाते आणि शेवटच्या डोसला सगळे औषध एकदम. युरोपात २०१८ मध्ये तयार पातळ औषधाला मंजुरी मिळाली, ती याच अडचणीवर.

रोज साखर बघत डोस वाढवायचा आणि इन्सुलिन कमी करत आणायचे. काहींना किलोमागे दिवसाला १ मिलिग्रॅमपर्यंत जावे लागते. मोठ्या माणसाला टाइप २ साठी जितकी गोळी देतात त्याच्या किलोमागे कितीतरी पट. कारण उघड आहे: बदललेली वाहिनी औषधालाही सहजासहजी दाद देत नाही. हे सगळे रुग्णालयात दाखल करून, तासातासाला साखर तपासत करायचे काम आहे, घरी नाही.

एवान पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ४९ रुग्णांचे निकाल मांडले. ४४ जणांचे इन्सुलिन पूर्ण बंद झाले. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीए१सी आधी ८.१ टक्के होते, १२ आठवड्यांनी ६.४ झाले. इन्सुलिनवर असतानाच्या पेक्षा गोळीवर साखर चांगली, हे मधुमेहात क्वचितच वाचायला मिळते.

मग साखर खाली का गेली नाही?

मला या प्रकरणातला सर्वांत रंजक भाग हाच वाटतो. गोळीला रक्तातली साखर कळत नाही. ती घेतली की वाहिनी मिटली, जेवलात तरी आणि उपाशी राहिलात तरी. मग या मुलांत इन्सुलिन अखंड वाहत राहायला हवे होते. तसे झाले नाही.

उत्तर त्याच अभ्यासात होते. गोळी चालू असताना शिरेतून ग्लुकोज दिले तर इन्सुलिन थोडे वाढे. तेच ग्लुकोज तोंडावाटे दिले किंवा साधे जेवण दिले तर खूप जास्त वाढे. अन्न आतड्यात उतरले की तिथून जीएलपी-१ सारखी संप्रेरके सुटतात. ती बीटा पेशीत सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढवतात आणि आत आलेल्या कॅल्शियमवर जास्त पुटिका रिकाम्या होतात. ती वाहिनी मिटवत नाहीत. मिटलेल्या वाहिनीनंतरचे काम जोरात करतात. गोळी आधी त्यांना वाव देते, आणि केव्हा जोर लावायचा हे जेवण ठरवते. शिवाय बदललेली वाहिनी गोळीनेही पूर्ण मिटत नसावी, त्यामुळे साखर उतरल्यावर थोडी गळती उरते आणि इन्सुलिन आवरते.

हीच गोळी धडधाकट वाहिनीवर पडली तर चित्र वेगळे. सत्तरीच्या, किडनी मंदावलेल्या माणसाने सकाळी नेहमीची गोळी घेतली आणि एकादशीचा उपास धरला, तर पेशीतले एटीपी कितीही घसरो, वाहिनी मिटलेलीच राहते. ग्लिबेनक्लामाइडचे यकृतात होणारे तुकडेही औषधासारखे काम करतात आणि ते किडनीवाटे बाहेर जातात. किडनी मंद म्हणजे मुक्काम लांबणार. अशा माणसाला साखर पाजून शुद्धीवर आणले तरी काही तासांनी तो पुन्हा गळू शकतो, कारण दिलेली साखर जळून पेशीला आणखी इन्सुलिन सोडायला लावते. म्हणून रुग्णालयात ग्लुकोजसोबत ऑक्ट्रिओटाइड देऊन इन्सुलिन सुटणेच थांबवावे लागते. त्या पेशीचे मोजमाप शाबूत आहे, निरोपच मधे अडवला गेला आहे. नवजात मुलांत निरोप मुळातच पोचत नव्हता.

जळण्याचे नुकसान

इथवरच्या गोष्टीत गोळी पेशीच्या ऊर्जेला हातच लावत नाही. ती ऊर्जेच्या पुढच्या पायरीवर काम करते. पण प्रकरण इथे संपत नाही, कारण साखर जास्त राहिली की तीच पेशीची भट्टी बिघडवते.

ऑक्सफर्डला अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या गटाने उंदरांत असा किर ६.२ तयार केला की मोठे झाल्यावर हवा तेव्हा तो बदल चालू करता येईल. बदल चालू केला की उंदरांना मधुमेह होतो. दोन आठवड्यांतच त्यांच्या बीटा पेशींत ग्लायकोजेनचे ढीग साचलेले दिसले. ग्लायकोजेन यकृतात साठवायची वस्तू, बीटा पेशीत तिचे काय काम? मायटोकॉन्ड्रिया विस्कटलेले. २०१९ मध्ये एलिझाबेथ हेथॉर्न आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवले की अशा पेशींना ग्लुकोज दिले तरी ऑक्सिजनचा वापर आणि एटीपी पुरेसे वाढत नाही. साखर मोजायचे यंत्र साखरेनेच बधिर केलेले.

दोष जनुकातल्या बदलाचा की साखरेचा? बदल नसलेल्या बीटा पेशी नुसत्या जास्त साखरेत वाढवल्या तरी तेच झाले. आणि उंदरांना ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन देऊन साखर उतरवली तर नुकसान बऱ्याच अंशी भरून निघाले. इन्सुलिन टोचूनही फरक पडला, यातच उत्तर आले. गोळीने मायटोकॉन्ड्रियाची थेट दुरुस्ती केली असे म्हणता येत नाही. साखर उतरली म्हणून ते सावरले. औषधांच्या जाहिरातीत ‘बीटा पेशींना संजीवनी’ वगैरे वाचतो तेव्हा मी आधी हेच शोधतो: हा परिणाम औषधाचा, की साखर उतरल्याचा?

याच गटाने २०२२ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. नुकसान ग्लुकोजमुळे थेट होत नाही, ग्लुकोकायनेजच्या पुढे जे तयार होते त्यामुळे होते, आणि ग्लुकोकायनेजचा वेग थोडा आवरला तर पेशी वाचते, असे त्यांना दिसले. त्याच वर्षी चीनने डॉर्झाग्लिअ‍ॅटिन हे ग्लुकोकायनेजला चालना देणारे औषध मंजूर केले. एकीकडे भट्टीत जास्त जळण घाला, दुसरीकडे कमी. माणसांतल्या चाचण्यांत त्या औषधाने साखर उतरवली आहे, हे खरे. पण दहा-पंधरा वर्षांचे निकाल हाती येईपर्यंत मी उंदरांच्या बाजूला झुकून राहीन. मायटोकॉन्ड्रियावर थेट काम करते असे सांगितले जाणारे इमेग्लिमिन हे औषध २०२१ मध्ये जपानात आले, पाठोपाठ भारतातही. त्यालाही हाच प्रश्न लागू. मेटफॉर्मिन या टाइप २ च्या नेहमीच्या गोळीचा इथे फारसा संबंध नाही. प्रयोगशाळेत मोठ्या मात्रेत ते बीटा पेशीचेही मायटोकॉन्ड्रिया मंद करते, पण रुग्णात त्याचे मुख्य काम बीटा पेशीच्या बाहेर चालते आणि ते इन्सुलिन सोडायला लावत नाही.

दहा वर्षांनी

गोळीवर गेलेल्या ८१ जणांचा सुमारे दहा वर्षांचा पाठपुरावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७५ जण अजूनही फक्त गोळीवर होते. एचबीए१सी पहिल्या वर्षाअखेर ५.९ होते, दहा वर्षांनी ६.४. बेशुद्ध पडण्याइतकी साखर एकाचीही उतरली नव्हती. टाइप २ मध्ये याच्या शेजारी ठेवायला ‘अ‍ॅडॉप्ट’ ही चाचणी आहे: नुसत्या ग्लिबेनक्लामाइडवर ठेवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना पाच वर्षांत ती पुरेनाशी झाली, मेटफॉर्मिनवर २१ टक्क्यांना.

सल्फोनिलयुरिया पेशीला पिळून पिळून संपवते, असे डॉक्टरही सर्रास म्हणतात. दहा वर्षे मोठ्या डोसवर टिकलेल्या या पेशी पाहता ते जसेच्या तसे पटत नाही. पण ‘अ‍ॅडॉप्ट’मधला फरकही खोटा नाही. टाइप २ ची पेशी आधीच वाकलेली असते, चरबी आणि जास्त साखर तिच्यावर रोज येऊन आदळत असते, आणि वाहिनी मिटवून यातले काहीच हलके होत नाही.

जे गोळीने सुटले नाही

किर ६.२ मेंदूत आणि स्नायूंतही असतो. जनुकातले काही बदल इतके तीव्र की मधुमेहाबरोबर विकास मंदावतो, अपस्माराचे झटके येतात. गोळीने काहींची हालचाल आणि लक्ष सुधारले, पण पाठपुराव्यातल्या बऱ्याच जणांत मेंदूची लक्षणे कमीअधिक राहिलीच. ग्लिबेनक्लामाइड मेंदूत फारसे टिकत नाही, बाहेर फेकले जाते.

नवजात मधुमेहाची इतर कारणे तर वेगळीच. वोल्कॉट-रॅलिसन सिंड्रोममध्ये बीटा पेशी खरोखरच मरतात. तिथे बंद करायला वाहिनीच उरत नाही. नात्यातल्या लग्नांतून जन्मलेल्या मुलांत हे कारण जास्त सापडते, आणि मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अजून कित्येक समाजांत चालते. म्हणून जनुकीय तपासणी आधी. भारतात चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये ती होते. एक्सेटरलाही भारतातून नमुने जात आले आहेत.

उशीर नडतो, हेही पुढच्या अभ्यासांत दिसले: गोळीवर जाणे जमेल की नाही ते कोणता बदल आहे यावर आणि मधुमेहाला किती वर्षे झाली यावरही अवलंबून असते. पण उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. २००६ च्या त्या ४९ जणांत प्रौढही होते. ज्याला दोन-तीन महिन्यांचा असताना मधुमेह झाला, ‘टाइप १’ असा शिक्का बसला आणि जो आज पंचविशीत रोज चार वेळा इन्सुलिन टोचतो, त्यानेही आपल्या जुन्या फाइलमधली निदानाची तारीख डॉक्टरांना दाखवून केसीएनजे११ आणि एबीसीसी८ (एसयूआर १ चे जनुक) या जनुकांच्या तपासणीबद्दल विचारावे. इन्सुलिन मात्र अहवाल येऊन डॉक्टर सांगेपर्यंत एक दिवसही बंद करू नये.